डेक्कनची पाठराखण

आमच्या फ्लॅटमध्ये सगळ्यात झकास लाइफ कोण जगतं, सांगू? डेक्कन. सकाळी बाल्कनीत सनबाथ, मग ब्रेकफास्ट, मग दिवसभर दिव्याखाली लोळणं. डेडलाइन नाही, ईएमआय नाही, बॉस तर नाहीच नाही. डेक्कन म्हणजे आमचं कासव. रेड-इअर्ड स्लायडर, वय वर्षं चार. माझी रूममेट जॉबसाठी बेंगळुरूला गेली आणि जाताना 'दोनच महिने सांभाळ गं' म्हणत काचेचा टँक, सुक्या कोळंबीचा डबा आणि हे प्रकरण माझ्या गळ्यात मारून गेली. त्याला आता दीड वर्षं झालं. नाव तिनेच ठेवलेलं, डेक्कन क्वीनवरून. पुणेरी विनोद, दुसरं काय!

तर झालं असं, की एका रविवारी डेक्कनच्या पाठीवरून पापुद्रा सुटलेला दिसला. पातळ, पारदर्शक, कांद्याच्या सालीसारखा. माझी जाम तंतरली. आईला फोन लावला. आई म्हणाली, "अगं, कोरडी पडली असेल पाठ. जरा खोबरेल चोळ." केस गळोत, टाचा फुटोत, आईकडे उत्तर एकच! मी इमानेइतबारे चोळलं. वर टूथब्रशने खसाखसा घासलं. पाठ अशी चकाकली की फोटो काढून सगळ्या ग्रुप्सवर टाकला. चाळीस बदाम आले.

आठवड्याभरात डेक्कनने खाणं सोडलं.

कासवं बघणारा डॉक्टर शोधणं म्हणजे वेगळाच अध्याय. बहुतेक ठिकाणी कुत्री आणि मांजरं एवढीच दुनिया. शेवटी एक डॉक्टर सापडले. त्यांनी आधी माझ्या मोबाइलमधला पापुद्र्याचा फोटो बघितला आणि म्हणाले, "हे एकदम नॉर्मल आहे." मग डेक्कनला उचलून कवचाच्या कडेवर हलकेच अंगठा टेकवला. कड किंचित दबली. "हे मात्र नॉर्मल नाही."

म्हणजे ज्याला घाबरले ते काहीच नव्हतं आणि जे खरं होतं ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. रोज हातात घेत होते की मी त्याला!

त्या दिवशी डोक्यात एक फंडा क्लिअर झाला. कवच म्हणजे कासवाने पाठीवर घेतलेलं घर, हे लहानपणापासून ऐकलेलं साफ चूक. ते घर नाही, ते शरीरच आहे. पाठीचा कणा आणि बरगड्या तिथे कवचाला जोडल्या गेलेल्या असतात. वरचे चौकोन आपल्या नखांसारख्या केराटिनचे, पण खाली जिवंत हाड. स्पर्श कळतो, दुखतंही. आणि मी त्यावर टूथब्रश चालवत होते.

हाड मऊ का पडलं? तर कॅल्शियम कमी आणि ऊन त्याहून कमी. सुकी कोळंबी म्हणजे आपला वडापाव. आवडतो म्हणून त्यावरच जगता येत नाही. शिवाय खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागायला डी-थ्री जीवनसत्त्व हवं आणि ते बनायला उन्हातले यूव्हीबी किरण हवेत. 'पण टँक तर खिडकीतच आहे!' मी म्हटलं. खिडकीची काच यूव्हीबी अडवते. स्लायडरचा घात स्लायडिंग विंडोने केला!

नशीब, केस माइल्ड होती. आता टँकवर यूव्हीबीचा दिवा आहे. तो पेटत असला तरी त्यातले किरण आधीच संपतात, म्हणून कंपनी सांगेल तसा सहा ते बारा महिन्यांत बदलायचा. पूर्ण कोरडं होऊन बसता येईल असा उबदार ओटा, साधारण ३० ते ३२ अंशांचा. जेवणात कासवाचे पेलेट्स, पालेभाज्या आणि पाण्यात तरंगणारा समुद्रफेनाचा तुकडा. कोवळ्या उन्हात टब ठेवते, पण अर्ध्यावर सावली आणि मी स्वतः शेजारी. काचेचा टँक उन्हात ठेवला तर कासव अक्षरशः शिजतं. शिवाय वर घारी असतातच.

तुमच्याकडेही असा मेंबर असेल, तर एवढं लक्षात ठेवा. पातळ, पारदर्शक पापुद्रा आपोआप सुटत असेल तर टेन्शन नाही. ओढून मात्र काढू नका. कोरडं झाल्यावर दिसणारे आणि ओलं होताच गायब होणारे पांढरे डाग बहुतेकदा जड पाण्यातल्या क्षारांचे. हिरवं शेवाळ मऊ ब्रशने, हलक्या हाताने निघतं. छोटा, वरवरचा ओरखडा असेल तर पोव्हिडोन आयोडीन फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून लावा, दहा मिनिटांनी धुवा आणि काही तास कोरड्या, उबदार जागी ठेवा. खाण्यापिण्यासाठी पुन्हा पाण्यात. आणि पाणी स्वच्छच हवं, नाहीतर सगळं मुसळ केरात. तेल, पॉलिश, रंग, काही नको.

पण खड्डा पडला, घाण वास आला, कड मऊ लागली किंवा पोटाकडचं कवच लालसर दिसलं, तर गूगल बंद आणि सरळ डॉक्टर. अगदी पिल्लांचं कवच थोडं लवचीक असतं, मोठ्यांचं नाही. एकदा वाकडं झालेलं कवच पुन्हा सरळ होत नाही, म्हणून जे काही करायचं ते लवकर. आणि हात साबणाने धुवा. साल्मोनेलाच्या भीतीने अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवं विकायला बंदी आहे. त्यामुळे किचनच्या सिंकमध्ये कासवाची आंघोळ बिलकुल नाही!

एक सीरियस गोष्ट. तुमच्याकडचं कासव पाठीवर चांदण्या असलेलं 'स्टार' असेल, तर ते पाळणं हा वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. वनखात्याशी बोला, हेल्पलाइन १९२६. आणि स्लायडरचा कंटाळा आला म्हणून तलावात सोडू नका. मूळचा अमेरिकेतला हा पाहुणा जगातल्या सगळ्यात उपद्रवी १०० परक्या प्रजातींच्या यादीत आहे. आपल्या कासवांचं ऊन आणि अन्न तोच पळवतो.

तीन महिन्यांनी परवा डॉक्टरांनी पुन्हा अंगठा टेकवला. कड दबली नाही. मी उगाचच रडले. डॉक्टर म्हणाले, "छान. आता असंच चालू ठेवा. तीसेक वर्षं आरामात जगेल."

तीस वर्षं! माझं जिमचं मेंबरशिप तीन महिने टिकत नाही. रूममेटला मेसेज केला, 'डेक्कन कधी नेतेस?' उत्तर आलं, 'बघते गं.' मी लगेच लिहिलं, 'राहू दे. नवा दिवा आत्ताच घेतलाय.'