‘शॉर्ट सर्किट’चे पांघरूण

संध्याकाळी गॅरेजमधून सुटलेली गाडी सकाळी भर रस्त्यात पेटते आणि दुपारी पंचनाम्यात दोन शब्द पडतात : ‘शॉर्ट सर्किट’. झाले! पोलीस मोकळे, विम्याची फाईल बंद, गॅरेजवाला नामानिराळा. अहो, पण ते सर्किट शॉर्ट केले कोणी? आदल्या दिवशी बॉनेटखाली कोणाचे हात होते, हे विचारायला तुमची जीभ का अडखळते?

इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल साधारण तीन बार दाबाने धावते. टायरमधल्या हवेहून अधिक. इंजेक्टर काढून बसवताना चार पैसे वाचवायला जुनीच ओ-रिंग ठेवली, नळीची क्लिप अर्धवट आवळली, की बारीक फवारा सुरू. ठिणगीला अल्टरनेटर शेजारीच आहे! ऑईल फिल्टर बदलताना जुन्याची रबरी रिंग कधी इंजिनलाच चिकटून राहते. ती न पाहता वरून नवा फिल्टर आवळणारा महाभाग दाबाखालचे ऑईल तापलेल्या एक्झॉस्टवर सोडतो. कोणी तेलकट फडकेच आत विसरतो.

वायरिंगमध्ये तर अनाचारच माजला आहे. हेडलाइटचे 60/55 वॅटचे बल्ब काढून 100/90 चे ठोकायचे. दोन दिव्यांचा प्रवाह 10 अँपिअरवरून जवळजवळ 17 वर जातो. वायर मात्र तीच. फ्यूज उडतो, म्हणजे इमानाने आपले काम करतो. त्याच्या जागी तांब्याची तार गुंडाळून ‘साहेब, आता टेन्शन नाही’ म्हणणाऱ्याला कारागीर म्हणावे काय? आणि ‘सारखा उडतोय, काहीतरी जुगाड कर’ असे फर्मावणारे साहेब तरी कोणते धुतल्या तांदळासारखे?

गाडी चालवायला लायसन्स लागते. तिच्या पेट्रोलच्या नळीला हात घालायला काहीच लागत नाही! 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष सेवेबद्दल दाद मागता येते, पण मागायची कशाच्या जोरावर? बिलावर ‘जनरल सर्व्हिसिंग’ एवढेच. पुष्कळदा बिलच नाही.

परिवहन खात्याला आमचे रोखठोक सांगणे आहे. कोणती नळी उघडली, कोणता भाग बदलला, काम कोणी केले, हे जॉब कार्डवर सहीनिशी लिहिण्याची सक्ती प्रत्येक गॅरेजवर करा. जळालेली गाडी भंगारात जाण्याआधी जाणकाराकडून तिचा फ्यूज बॉक्स आणि इंधनाचे सांधे तपासून घ्या, आणि तो अहवाल मालकाच्या हातात द्या.