जागा कायमची रिकामी, माणूस मात्र तात्पुरता

जून उजाडला की अनुदानित महाविद्यालयांच्या जाहिराती दैनिकांच्या आतल्या पानांवर झळकू लागतात. तासिका तत्त्वावर सहायक प्राध्यापक नेमणे आहेत, मूळ कागदपत्रांसह स्वखर्चाने हजर राहावे. गेल्या वर्षीचे तेच विषय, तीच पदं. त्या पदावरचे सर निवृत्त होऊन काळ लोटला, पद मंजूर आहे, वर्ग मुलांनी भरलेला आहे, आणि भरतीची परवानगी काही सरकारकडून सुटत नाही. यात तात्पुरतं काय आहे? फक्त आम्ही. सीएचबीवाले, म्हणजे तासिका तत्त्वावरचे.

पात्रता मात्र पूर्ण हवी. नेट किंवा सेट, नाहीतर पीएचडी. मुलाखतीला प्राचार्य, संस्थेचे प्रतिनिधी, विषयतज्ज्ञ असं साग्रसंगीत पॅनेल. दहावीच्या गुणपत्रिकेपासून शोधनिबंधांपर्यंत सगळ्याच्या साक्षांकित प्रती. साक्षांकनाची सक्ती राज्य सरकारनेच ९ मार्च २०१५ च्या निर्णयाने काढून टाकली, उमेदवाराची स्वतःची सही पुरेशी ठरवली. तरी खिडकीतल्या बाबूला शिक्का हवाच. का? तर ‘दरवर्षी असंच असतं, मॅडम.’ कहर म्हणजे ज्या महाविद्यालयात मी आदल्या वर्षी शिकवत होते, तिथेच पुन्हा अर्ज करताना मला तिथल्याच अनुभवाचा दाखला मागितला गेला. दाखला देणारं टेबल आणि तो तपासणारं टेबल एकच! अर्ज एका हाताने दिला, दाखला दुसऱ्या हाताने घेतला, पुन्हा पहिल्या हाताने जोडला.

निवड झाली की हमीपत्र. ऑक्टोबर २०२४ पासून शंभराचा मुद्रांक गेला, त्यामुळे आता पाचशेचा. पहिला तास घेण्याआधीच अर्ध्याहून जास्त तासाची कमाई गेली. त्यावर काय लिहून द्यायचं? या नेमणुकीच्या आधारे कायम पदावर हक्क सांगणार नाही. सत्र संपताच सेवा आपोआप संपुष्टात येईल. आणि याविरुद्ध न्यायालयात दाद मागणार नाही.

हे शेवटचं कलम पुन्हा वाचा. मी राज्यशास्त्र शिकवते. माझ्याकडून दाद मागण्याचा हक्क सोडल्याचं लिहून घेतात आणि पंधरवड्याने मला वर्गात राज्यघटनेचं कलम ३२, म्हणजे न्यायालयात दाद मागण्याचा हक्क, शिकवायला लावतात! न्यायालयाची वाट पूर्ण बंद करणारा करार १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम २८ रद्दबातल ठरवतं. म्हणजे कायद्यापुढे टिकणार नाही असा कागद शिक्षणसंस्था दरवर्षी विद्वानांकडून लिहून घेते, नोटरीकडून शिक्का मारून घेते आणि फायलीत जपून ठेवते. लाज कशी वाटत नाही?

आता पैसे. २०२२ साली राज्याने पदवीच्या तासाचा दर ६२५ वरून ९०० रुपये केला. आठवड्याला नऊ तासिका धरा, एकही सुट्टी नको, तर महिन्याला ३२,४०० होतात. दिवाळी आली, परीक्षा आली की शून्य. आणि जे होतात तेही महिन्याच्या महिन्याला येत नाहीत. ‘बिल सहसंचालक कार्यालयात गेलंय’ हे वाक्य ऐकत पावसाळ्याचा हिवाळा होतो. कायम सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतनच ५७,७०० पासून सुरू होतं. त्यांच्या पगाराबद्दल माझी तक्रार नाही, तो रास्त आहे. तोच वर्ग, तोच अभ्यासक्रम, तेच पेपर तपासणं असताना मला तो का नाही, एवढंच विचारते आहे.

बरं, हे नियमाने चाललंय का? विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे विनियम सांगतात की कंत्राटी शिक्षक एकूण पदांच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावेत आणि त्यांचं मानधन नियमित सहायक प्राध्यापकाच्या मासिक वेतनापेक्षा कमी नसावं. अतिथी अध्यापकासाठी आयोगाने २०१९ मध्ये तासाला १५०० रुपये सांगितले. पात्रतेची वेळ आली की आयोगाचं अक्षर न् अक्षर प्रमाण. मानधनाची वेळ आली की आयोग कोण?

महाविद्यालयाचं मूल्यांकन करणारी नॅकची समिती आली तेव्हा मात्र आम्ही तात्पुरते राहिलो नाही. फायली लावायला, विभागाची माहिती भरायला, पाहुण्यांसमोर नीटनेटकं उभं राहायला आम्ही अगदी घरचे. त्या तासांचं बिल निघालं नाही.

पॅनेलमधल्या एका सदस्यांनी मला विचारलं होतं, ‘पीएचडी करून सीएचबीवर कशाला येता?’ पद तुम्ही भरत नाही म्हणून, सर! आणखी कोणतं कारण असणार?

तात्पुरत्यांना कायम होण्याचा हक्क नाही, हे सांगायला सगळे २००६ च्या उमादेवी निकालाचा आधार घेतात. त्याच सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये जग्गो प्रकरणात बजावलं की वर्षानुवर्षं कायम स्वरूपाचं काम करणाऱ्यांचे न्याय्य दावे फेटाळायला या निकालाचं हत्यार करू नका. जग्गोचा हा निकाल कोणत्याही कार्यालयाच्या भिंतीवर लावलेला मला दिसला नाही.

येत्या जूनमध्येही मी अर्ज करणार आहे, कारण शिकवणं माझं काम आहे आणि ते मला चांगलं येतं. हमीपत्रातलं न्यायालयाचं कलम मात्र खोडून मगच सही करेन. त्यासाठी नेमणूक नाकारायची असेल तर नाकारा, पण कारण लेखी द्या, संस्थेच्या लेटरहेडवर, प्राचार्यांच्या सहीनिशी.