रकाना बदलला, वस्ती बदलली काय?



खानेसुमारीच्या पुस्तकात प्रत्येक गावाची लोकसंख्या छापलेली असते. एकूण माणसे इतकी, पुरुष इतके, स्त्रिया इतक्या, अमुक वर्गाचे इतके. हे आकडे वाचले की गाव समजले असे आपणांस वाटते. माझे म्हणणे असे की, गावाची अर्धी ओळखही त्यातून होत नाही. गावात कोणकोणत्या वंशांची अथवा जातींची माणसे राहतात हे आकडा सांगेल. ती एकमेकांच्या शेजारी राहतात की एकमेकांपासून अंतर राखून, हे तो सांगणार नाही. आणि माणसाचा मान नेमका या दुसऱ्या प्रश्नावर अवलंबून असतो.

हे स्पष्ट करण्यासाठी मी आपणांस अमेरिकेतील एका लहानशा खेड्यात नेणार आहे. त्या देशाच्या प्रश्नाशी आपले नाते जुने आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ तेथील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सज्जनांना अर्पण केला. परमपूज्य बाबासाहेब 1913 ते 1916 या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकले, आणि 1946 साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे विद्वान नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला. तेव्हा हे खेडे आपणांस अगदीच परके वाटू नये.

त्याचे नाव न्यू फिलाडेल्फिया. इलिनॉय राज्यातील पाइक जिल्ह्यात ते 1836 साली वसले. वसविणारा कोण? फ्रँक नावाचा एक माणूस, जो 1777 साली गुलाम म्हणून जन्मला होता. धन्याचे काम संपवून उरलेल्या वेळात त्याने सोरा तयार करण्याचा धंदा केला, पैन्‌पै साठविली आणि 1817 साली आपल्या पत्नीचे, ल्यूसीचे, स्वातंत्र्य 800 डॉलर मोजून विकत घेतले. स्वतःचे स्वातंत्र्य त्याने दोन वर्षांनी, 1819 साली, तेवढीच किंमत देऊन घेतले. पत्नीला आधी का सोडविले, हे ध्यानात घ्या. त्या काळच्या कायद्याप्रमाणे अपत्याचा दर्जा मातेच्या दर्जावरून ठरे. आई स्वतंत्र झाली म्हणजे त्यापुढे जन्मणारे मूल स्वतंत्र. लिहिता-वाचता न येणाऱ्या त्या माणसाला कायद्याचे हे मर्म पुरते उमगले होते!

पुढे त्याने जमीन घेतली, बेचाळीस एकरांचे 144 भूखंड पाडले, रस्ते आखले आणि गावाचा नकाशा सरकारदरबारी रीतसर नोंदविला. कृष्णवर्णीयाने अशा रीतीने आखून नोंदविलेले ते अमेरिकेतील पहिले गाव मानले जाते. भूखंड विकून आलेल्या पैशातून तो आपली मुले-नातवंडे सोडवीत गेला. स्वतःसह सोळा माणसांची मुक्तता त्याच्या कष्टाच्या पैशातून झाली.

हे सारे इलिनॉयमध्ये सुखासुखी घडले असे समजू नका. तेथे गुलामगिरी नव्हती, परंतु कृष्णवर्णीयांविरुद्धचे कायदे होते. त्यांना मत नव्हते. गोऱ्या माणसाविरुद्ध न्यायालयात साक्ष देता येत नसे. 1853 साली तर बाहेरच्या कृष्णवर्णीयाने राज्यात येऊन राहूच नये असा कायदा झाला. तो 1865 साली रद्द झाला. वीस-पंचवीस मैलांवर, मिसिसिपी नदीपलीकडे हॅनिबल गावी माणसांची खरेदी-विक्री चालत असे. अशा परिस्थितीत फ्रँकने राज्याच्या विधिमंडळाकडे अर्ज केला. 1837 साली विधिमंडळाने खास कायदा करून त्याला फ्रँक मॅक्‌वॉर्टर हे नाव दिले. फिर्याद लावण्याचा आणि जमीन घेण्या-विकण्याचा अधिकार दिला. ज्याला आडनावच नव्हते त्याला ते कायद्याने मिळाले. आपल्यापैकी ज्यांनी शाळेच्या दाखल्यावरील जुने अपमानास्पद नाव बदलून घेण्यासाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजविले आहेत, त्यांना या गोष्टीचे मोल मी सांगावयास नको.

आता या गावाच्या लोकसंख्येकडे वळू. 1865 च्या सुमारास तेथे जवळजवळ 160 माणसे होती. त्यांत गोरे अधिक, कृष्णवर्णीय कमी. खानेसुमारीत वर्णाचा रकाना असे आणि त्यात तीन शब्द चालत : गोरा, काळा आणि मिश्रवर्णी. हा शब्द लिहिणारा कोण? दारात उभा असलेला गणनाकार! तो चेहरा पाही आणि लिही. त्यामुळे एका गणनेत मिश्रवर्णी ठरलेला माणूस दहा वर्षांनी काळा ठरे. माणूस तोच, कातडीही तीच. बदलली ती लिहिणाऱ्याची नजर. कुटुंबांनी आपली माहिती स्वतः भरावी ही पद्धत तेथे 1960 आणि 1970 च्या गणनांपासून रुळली, आणि एकाहून अधिक वंश लिहिण्याची मुभा 2000 साली मिळाली.

पण त्या गावाचे खरे वैशिष्ट्य रकान्यात नव्हतेच; ते नकाशात होते. भूखंड ज्याने पैसे मोजले त्याला मिळाला. परिणाम असा झाला की गोऱ्याच्या घराशेजारी काळ्याचे घर, त्यापलीकडे पुन्हा गोऱ्याचे. काळ्यांसाठी गावाबाहेर निराळी वाडी नव्हती. पुढे 1874 साली शाळा बांधली गेली, तीही दोहोंच्या मुलांची एकच. मात्र मेल्यावर माणसे वेगळी होत. दफनभूमी निरनिराळ्या राहिल्या. जिवंतपणी शेजार मान्य करणाऱ्यांना मृत्यूनंतरचा शेजार मान्य झाला नाही! भेदभाव किती चिवट असतो याचे याहून बोलके उदाहरण कोणते? 1869 साली लोहमार्ग या गावाला वळसा घालून गेला, व्यापार आटला, आणि 1885 मध्ये गावाचा काही भाग कायद्याने गाव म्हणून राहिला नाही. आज तेथे वस्ती नाही; 2022 साली ती जागा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून सरकारने जाहीर केली.

आता आपल्या गावी परत येऊ. आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात 1951 साली बौद्धांची नोंद 2,487 होती. 1956 ची दीक्षा झाली, आणि 1961 साली तीच नोंद 27,89,501 वर गेली. लक्षात घ्या, हा बदल कोणा गणनाकाराच्या नजरेने झाला नाही. दारात आलेल्या माणसाला आपल्या आईबापांनी आपल्या तोंडाने सांगितले, ‘बौद्ध लिहा!’ त्या एका शब्दापायी केंद्राच्या सवलती 1990 पर्यंत त्यांना नाकारल्या गेल्या. तरी त्यांनी तो लिहविला. हा पराक्रम थोर होय.

परंतु वाचकहो, स्वतःशी प्रामाणिक राहून उत्तर द्या. रकाना बदलला, वस्ती बदलली काय? किती गावांत आपली घरे आजही वेशीबाहेर, एकाच दिशेला, एकाच पुंजक्यात उभी आहेत? महाराष्ट्र सरकारने 2020 साली वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. निर्णय चांगलाच आहे. पण पाटी बदलल्याने जागा हलत नाही. स्मशानाची वाट कोणाची, यावर आजही तंटे होतात.

बाबासाहेबांनी हा रोग फार पूर्वी ओळखला होता. जुलै 1942 मध्ये नागपूरच्या परिषदेत अस्पृश्यांसाठी स्वतंत्र गावांची मागणी झाली, आणि 1947 साली घटनासमितीपुढे ठेवण्यासाठी लिहिलेल्या निवेदनात त्यांनी पडीक सरकारी जमिनीवर नवी गावे वसविण्याची योजना मांडली. ती वेगळे राहण्याची हौस नव्हती. जुन्या गावाच्या रचनेतच आपली जागा खालची ठरलेली आहे. ती रचना मोडावयाची तर पायाखालची जमीन स्वतःच्या मालकीची हवी, हे त्यामागचे सूत्र होते. फ्रँक मॅक्‌वॉर्टरने नेमके हेच केले. जमीन त्याची होती, म्हणून गोरे लोक त्याच्या गावात खरेदीदार म्हणून आले, धनी म्हणून नव्हे.

म्हणून वकील या नात्याने माझे सांगणे रोखठोक आहे. पक्षकार माझ्याकडे येतो तो घरपट्टीची पावती आणि ग्रामपंचायतीचा नमुना आठ घेऊन येतो, आणि म्हणतो, ‘साहेब, घर माझेच आहे.’ बाबांनो, नमुना आठ हा कर आकारणीचा उतारा होय. तो मालकीचा पुरावा नव्हे. ज्या जमिनीवर घर उभे आहे ती गावठाणात आहे की गायरानात, हे आजच तलाठ्याकडे जाऊन पाहा. 2020 पासून गावठाणातील घरांची मोजणी होऊन मिळकत पत्रिका देण्यात येत आहेत. तिच्यावर आपले नाव चढले आहे की नाही, याची खात्री करा. वारसाची नोंद राहिली असेल तर करून घ्या, आणि तीत मुलींची नावे वगळू नका. संधी मिळेल तेव्हा वस्तीबाहेर, गावाच्या मध्यभागी जागा विकत घ्या. कोणी केवळ जातीमुळे नकार दिला तर मुकाट्याने परत फिरू नका, कायद्याचा सल्ला घ्या.

पुढील जनगणनेत जातींचीही नोंद होईल असे केंद्र सरकारने 2025 साली जाहीर केले आहे. गणनाकार आपल्या दारी येईल तेव्हा त्याला अंदाजाने काही लिहू देऊ नका. प्रत्येक शब्द आपण सांगा आणि लिहिलेला वाचून घ्या. मात्र तो निघून गेल्यावर दारात क्षणभर उभे राहा आणि पाहा, आपले दार कोठे उघडते? गावात, की गावाबाहेर? रकाना आपल्या पूर्वजांनी बदलला. वस्ती बदलणे हे आपले काम आहे.

जय भीम!