सामान्य म्हणजे क्षुल्लक नव्हे

नित्याच्या गोष्टींसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. सामान्य, साधारण, साधा, मामुली, किरकोळ, रोजचाच, यथातथा. हवे तेवढे आहेत. दुष्काळ आहे तो आदराचा. यांतील बहुतेक शब्द आज आपण कोणाला तरी खाली बसविण्यासाठीच वापरतो. 'साधा मजूर', 'नुसती गृहिणी', 'मामुली दुखणे' असे म्हणताना आपण वर्णन करीत नाही, निकाल देत असतो. हा दोष केवळ भाषेचा नाही, श्रद्धेचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि वऱ्हाडात तो जिवावर बेतणारा आहे.

या शब्दांचे मूळ पाहावे. 'सामान्य' हा 'समान' या शब्दापासून झाला. अनेकांत जे सारखे वसते ते सामान्य. वैशेषिक दर्शनाने तर त्याला आपल्या मूळ पदार्थांत स्थान दिले. 'साधारण' म्हणजे सर्वांच्या वाट्याचे. अरबीतून आलेला 'मामुली' मुळात 'नेहमीच्या प्रघातातले' एवढेच सांगत होता. कमीपणा शब्दांत नव्हता. तो आपण त्यांत भरला.

ख्रिस्तसभेच्या उपासनेचे वर्ष पाहा. त्यातील ३३ किंवा ३४ आठवड्यांना आपण 'सामान्य काळ' म्हणतो. १९६९ साली सुधारलेल्या उपासना-पंचांगाच्या लॅटिन मजकुरात त्याला 'तेंपुस पेर आन्नुम', म्हणजे 'वर्षभराचा काळ' असे नाव आहे. फिकेपणाचा तेथे मागमूस नाही. तरी नाताळचा गोठा उचलला, पुनरुत्थानाची मेणबत्ती बाजूला ठेवली की 'आता काही विशेष नाही' असे आपण सहज बोलून जातो. प्रभू येशूच्या आयुष्याची सुमारे तीस वर्षे नाझरेथात अशाच 'काही विशेष नाही' काळात गेली. पुढे स्वर्गराज्य समजावून देताना त्याने मोहरीचा दाणा, खमीर, मासळीचे जाळे, घरात हरवलेले नाणे एवढ्याच वस्तू हाती घेतल्या. ती शुभवर्तमाने ज्या ग्रीक बोलीत लिहिली गेली तिचे नाव 'कोइने', म्हणजेच सामायिक, सामान्य. इजिप्तच्या वाळूत सापडलेल्या पपायरसवरील पावत्या आणि घरगुती पत्रे त्याच बोलीत आहेत.

आपल्या भूमीची साक्षही हीच आहे. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे तेराव्या शतकात म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केले. मराठी गद्याचा तो आद्य ग्रंथ खाणेपिणे, चालणेबोलणे, वाटेवरची माणसे यांच्या बारीकसारीक नोंदींनी भरला आहे. याच जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी खराटा हाती घेतला आणि झाडणे या कामाला कीर्तनाच्या तोडीचा मान दिला. आणि आज? शाळेतल्या मुलाने निबंधात 'वावर' लिहिले की त्यावर 'शेत' असे सुधारले जाते. वखर, डवरा, तिफन, पऱ्हाटी, कुटार हे शब्द गावंढळ ठरतात. ज्या कामाचे शब्द लाजिरवाणे झाले, ते काम करणारा हात किती दिवस ताठ राहील?

मात्र याची खरी झळ कागदावर लागते. 'पाऊस सरासरीइतका' हे वाक्य ऐकायला शांत आहे. पण तीन आठवड्यांचा खंड आणि दोन दिवसांची अतिवृष्टी यांचीही बेरीज सरासरी भरते, आणि कपाशी मात्र उभी वाळते किंवा सडते. पैसेवारीचेही तेच. पन्नास पैशांहून अधिक आकडा आला की गावाचे पीक ठीक ठरत आले. २०१६ च्या केंद्रीय संहितेने दुष्काळाचे निकष बदलले, तरी बांधावरच्या माणसाला आपले दुःख 'सामान्य' या शब्दाच्या बाहेर आहे हे सिद्ध करीत बसावेच लागते. २००६ साली पंतप्रधानांनी अमरावती, अकोल्यासह विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, तेव्हा शेतकऱ्याची आत्महत्या ही देशाची बातमी होती. आज ती आतल्या पानावरच्या चार ओळी झाली आहे. मृत्यू तोच आहे. आपण त्याला 'नेहमीचेच' हे विशेषण चिकटविले, एवढाच फरक.

कोणी म्हणेल, शब्द बदलून पोट भरते काय? नाही भरत. पण ज्याला आपण क्षुल्लक म्हटले त्याच्यासाठी आपण उठत नाही, हा अनुभव सार्वत्रिक आहे. दुसरा आक्षेप असा, की प्रत्येक गोष्टीचा गौरव केला तर गौरवाला अर्थ उरत नाही. मान्य. म्हणूनच मी गौरव मागत नाही. आपल्या स्मरणिका 'भव्य', 'दिव्य', 'अभूतपूर्व' या शब्दांनी आधीच ओथंबल्या आहेत. मी मागतो ती नेमकी नोंद.

धर्मग्रामातील कोणी वारले तर 'साधे, सरळ जीवन जगले' एवढ्यावर श्रद्धांजली उरकू नये. त्यांनी काय पेरले, काय शिवले, कोणाचे दुखणे काढले ते लिहावे. श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत 'सर्व शेतकऱ्यांसाठी' या मोघम शब्दांऐवजी कोणत्या गावात पाऊस नाही, कोणाचे सोयाबीन शेंगांतच कोंबारले, ते बोलावे. कुटुंब-नोंदीत आईच्या व्यवसायापुढे 'काही नाही' असे लिहिणे आजपासून बंद करावे.

मिस्सेत आपण वेदीवर भाकर आणि द्राक्षरस ठेवतो. त्याहून नित्याचे त्या काळी काही नव्हते, आणि प्रभूने तेच निवडले. त्या वेदीपुढे गुडघे टेकणाऱ्यांनी तरी 'सामान्य' हा शब्द तुच्छतेने उच्चारू नये.