घाई खरी असेल तरच सांगा: ओपन वर्ल्ड गेम खेळणाऱ्यांच्या संघटनेचे मागणीपत्र

प्रति,
ओपन वर्ल्ड गेम तयार करणाऱ्या स्टुडिओंचे दिग्दर्शक, कथालेखक आणि प्रकाशक

विषय: मुख्य कथेतली घाई आणि मोकळ्या भटकंतीची मुभा यांतील विसंगती दूर करण्याबाबत

महोदय, महोदया,

आमचे सभासद तुमचे गेम पूर्ण किमतीला विकत घेतात आणि शेवटपर्यंत खेळतात. त्यांची तक्रार जुनी आहे. कथेतले पात्र सांगते, 'धावा, उशीर झाला तर सगळे संपेल.' त्याच क्षणी नकाशा शंभर ठिकाणी खुणा दाखवून 'सवडीने फिरा' म्हणतो. दोन्ही सूचना तुमच्याच आहेत आणि एक दुसरीला खोटे पाडते. याबाबत कार्यकारिणीने मंजूर केलेल्या पाच मागण्या आम्ही आपल्यापुढे ठेवत आहोत.

पुरावा तुमच्याच कामात आहे. 'फॉलआउट ४' (२०१५) मध्ये जोडीदाराचा खून आणि तान्ह्या मुलाचे अपहरण डोळ्यांदेखत होते. भूमिगत आश्रयस्थानातून बाहेर पडल्यावर थोड्याच वेळात तेच आई किंवा वडील हातोडा घेऊन वस्तीत खाटा ठोकतात, हातपंप बसवतात, भाजीचे वाफे आखतात. मुलाचा शोध खेळाडूची सवड होईपर्यंत थांबतो. 'द विचर ३' (२०१५) मधल्या गेराल्टची लेकीसारखी सिरी जिवाच्या भीतीने पळत असते, आणि हा खाणावळीच्या मालकाशी ग्वेंटचे पत्ते खेळत बसतो. 'सायबरपंक २०७७' (२०२०) मध्ये डोक्यातल्या चिपमुळे मुख्य पात्र व्हीच्या हाती काही आठवडेच उरलेले असतात. तरी प्रकाशनाच्या वेळच्या आवृत्तीत फोनवर विचारणा येई ती गाडी विकायला आहे, घेणार का, अशी. हे गेम वाईट आहेत असे आमचे म्हणणे नाही. 'द विचर ३' तर आमच्यातल्या अनेकांचा सर्वांत आवडता गेम आहे. म्हणूनच त्यातली ही फट डोळ्यांना खुपते.

दोष घाईचा नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सच्या 'राजी' (२०२०) मध्येही असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला बहीण शोधते. तिथे वाट एकच आहे, त्यामुळे तिची काळजी शेवटपर्यंत खरी वाटते. तीच काळजी मोकळ्या नकाशावर जशीच्या तशी आणून ठेवली, की बिघडते.

मागणी १. पात्राचा शब्द आणि खेळातले घड्याळ यांचा मेळ असावा. मुख्य कथेतले घाईचे प्रत्येक वाक्य तपासावे. त्यामागे खरा परिणाम ठेवावा, नाहीतर वाक्य बदलावे. तिसरा मार्ग आम्हाला मान्य नाही.

या मागणीवर आमचा सर्वाधिक भर आहे, कारण खोट्या घाईचे नुकसान दुहेरी आहे. 'लांडगा आला' अशी हाकाटी दहा गेममध्ये ऐकून कान निबर झालेला खेळाडू अकराव्यात खरा लांडगा आला तरी हलत नाही. 'डेअस एक्स: ह्यूमन रेव्होल्यूशन' (२०११) मध्ये सुरुवातीलाच ओलीस सोडवायचे असतात. मुख्यालयात रेंगाळलात तर पोहोचेपर्यंत ते मेलेले असतात. 'मास इफेक्ट २' (२०१०) मध्ये पळवून नेलेल्या सहकाऱ्यांमागे लगेच गेलात तर सगळे वाचतात. दोन-तीन कामे उरकून गेलात तर निम्मे जातात, आणखी थांबलात तर एका डॉक्टरखेरीज कोणी उरत नाही. हे दोन्ही परिणाम न्याय्य आहेत. फक्त या वेळची घाई खरी आहे, हे खेळाडूला कळायला मार्ग नव्हता.

दुसरे नुकसान पात्राच्या शब्दावर विश्वास ठेवणाऱ्याचे. 'बाल्डर्स गेट ३' (२०२३) काटेकोर अर्थाने ओपन वर्ल्ड नसेल, पण उदाहरण चपखल आहे. मेंदूत अळी शिरली आहे, उपचार लवकर झाला नाही तर माणूसपण जाईल, असे सोबतीच बजावतात. ज्यांनी ते मनावर घेतले त्यांनी रात्रीचा मुक्काम टाळला. अळी काही मुक्काम मोजत नव्हती. उलट सोबत्यांचे मन उलगडणारे कितीतरी प्रसंग मुक्कामातच घडतात, आणि ते हुकले ते नेमके या मंडळींचे. सांगितलेले ऐकणाऱ्याला दंड आणि कानाआड करणाऱ्याला बक्षीस, हा न्याय आम्ही स्वीकारत नाही.

मागणी २. घड्याळ खरे असेल तर ते दिसावे. १९९७ च्या पहिल्या 'फॉलआउट'ने पाण्याची चिप आणायला १५० दिवस दिले होते आणि उरलेले दिवस खेळाडूला दिसत होते. पाणी विकणाऱ्यांना पैसे देऊन आणखी १०० दिवस मिळवता येत. मुदत, तिची मोजणी आणि ती वाढवण्याची किंमत, तिन्ही गोष्टी उघड. २००० च्या 'मेजोराज मास्क'मध्ये चंद्र तीन दिवसांत कोसळणार असतो, पण कोण कधी कुठे भेटेल याची नोंदवही हातात असते. अशा मुदतीबद्दल आमची तक्रार नाही.

मागणी ३. भटकंतीचे कारण कथेनेच द्यावे. २००२ च्या 'मॉरोविंड'मध्ये नायक बाल्मोरा गावात कायस कोसेडेसकडे हुकूम घ्यायला जातो. हा वरिष्ठ हेर त्याला म्हणतो, तू अजून कच्चा आहेस, एखाद्या संघात नाव घाल, थोडे जग बघ, मग ये. संवादाच्या चार ओळींत सगळे बेट पायाखाली घालण्याची मुभा मिळाली, आणि तीही वरिष्ठाच्या हुकमाने. 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' (२०१७) मध्ये संकट मोठे आहे, पण राजकन्या झेल्डाने ते शंभर वर्षे रोखून धरले आहे. सुरुवातीचे पठार सोडताच थेट किल्ल्यावर चालून जाता येते. राजा मात्र आधी बळ वाढव असे सांगतो, आणि गाठलेले प्रत्येक मंदिर शेवटच्या लढाईत उपयोगी पडते. इथे भटकणे हीच तयारी आहे.

म्हणून आमचा आग्रह असा: सुरुवातीच्या दोन-तीन तासांत थांबण्यासाठी कथेतलेच किमान एक कारण असावे. बातमीची वाट, बर्फाने बंद झालेली खिंड, कमी पडणारे बळ, काहीही चालेल. अपहृत मूल आणि मरणाची तारीख ही दोन कारणे सध्या पुरे झाली.

मागणी ४. परतीची वाट बंद होण्याआधी स्पष्ट इशारा द्यावा आणि वेगळा सेव्ह आपोआप ठेवावा. 'द विचर ३' आणि 'सायबरपंक' इशारा देतात. बाकीच्यांना अडचण काय आहे?

मागणी ५. मुदतीचा वेग कमी करण्याचा पर्याय असावा. यावर आमच्यात एकमत नव्हते. काही सभासदांच्या मते घड्याळ हाच खेळ असतो. 'आउटर वाइल्ड्स'मधली (२०१९) २२ मिनिटे ढिली केली तर उरते काय, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. दुसरीकडे, रात्री पोरे झोपल्यावर जेमतेम तासभर मिळणाऱ्या सभासदाला हुकलेली मोहीम पुन्हा खेळणे परवडत नाही. तडजोड अशी ठरली: निर्मात्याचा वेग हाच मूळ वेग राहील, सेटिंगमध्ये संथ वेगाचा पर्याय असेल आणि तो निवडणाऱ्याला कोणतेही पारितोषिक नाकारले जाणार नाही. 'मेजोराज मास्क'मध्ये वेळ संथ करणारी धून खेळातच आहे. ज्या गेमची संपूर्ण रचनाच घड्याळावर उभी आहे, त्याने तसे विक्रीपूर्वी जाहीर केल्यास या मागणीतून सूट राहील.

यातले काहीही अशक्य नाही. खर्च कधी तपासता यावर अवलंबून आहे. संवादाचे ध्वनिमुद्रण झाल्यावर वाक्य बदलायचे तर कलाकार पुन्हा बोलवावे लागतात. संहितेवर तेच काम पेन्सिलीने होते. म्हणून मागणी १ आणि ३ ज्यांचे ध्वनिमुद्रण सुरू झालेले नाही, अशाच गेमना लागू कराव्यात. मागणी २ आणि ५ नव्या गेमसाठी आहेत. मागणी ४ बाजारात असलेल्या गेमनाही पॅचद्वारे लागू होऊ शकते. प्रकाशनानंतर गेममध्ये असा बदल करता येत नाही, ही सबब चालणार नाही. पहिल्या 'फॉलआउट'मधली ५०० दिवसांची दुसरी मुदतसुद्धा पॅचनेच उठवली होती.

आम्ही उपकथा कमी करा म्हणत नाही, नकाशे लहान करा म्हणत नाही आणि प्रत्येक संकट सौम्य करा असेही म्हणत नाही.

या पत्राला ९० दिवसांत लेखी उत्तर मिळावे. मागणी ४ साठीचे पॅच सहा महिन्यांत यावेत. संहिता तपासण्यासाठी संघटना प्रत्येक स्टुडिओला दोन अनुभवी सभासद विनामोबदला देईल, आणि ते गोपनीयतेच्या करारावर सही करतील. लेखी उत्तर येईपर्यंत आमचे सभासद संबंधित प्रकाशकाच्या कोणत्याही नव्या गेमची आगाऊ नोंदणी करणार नाहीत. हा निर्णय पत्र मिळाल्याच्या दिवसापासून लागू आहे.

कार्यकारिणीच्या वतीने,
अध्यक्ष व सचिव