काढलेला भाग फेकू नका

जुनी फियाट घेतलेल्या आणि घ्यायच्या विचारात असलेल्या तरुण मित्रांना कळकळीची विनंती आहे. गाडी दारात आली की पहिल्याच महिन्यात तिचं रूप पालटायला घेऊ नका.

तुमची ओढ मला कळते. कुर्ल्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली फियाटच, आज रस्त्यात दिसली की मान आपसूक वळते. 2023 च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतली काळीपिवळी पद्मिनी थांबली, त्या दिवशी अनेकांना घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं. पण मुलांना रोज शाळेत सोडायला गाडी हवी असेल तर सरळ नवी घ्या. पद्मिनीला एअरबॅग नाही, एबीएस नाही, चारही चाकांना ड्रम ब्रेक. प्रेमापोटी त्याकडे डोळेझाक करू नका.

घ्यायचीच ठरली, तर रंगाच्या चकाकीवर जाऊ नका. छोटं चुंबक मऊ फडक्यात गुंडाळा आणि दारांच्या खालच्या कडेवरून, मडगार्डवरून हळूहळू फिरवा. जिथे ते धरत नाही, तिथे पत्र्याऐवजी पुटी आहे. मग गालिचा उचलून पायाखालचा पत्रा बघा. या गाडीला वेगळी चेसिस नाही, सगळा भार बॉडीच पेलते. इंजिनाचं काम परवडतं, कुजलेला पत्रा परवडत नाही. चेसिस आणि इंजिन नंबर आरसीशी जुळवून झाल्याशिवाय पैसे देऊ नका.

आता बदलांविषयी. एकही स्क्रू बदलू नये म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. गाडी चालायला हवी. पण हौशीने काही करण्याआधी एवढंच विचारा: हे उद्या परत होतं तसं करता येईल का? सीट कव्हर, सीटखाली बसवलेला अॅम्प्लिफायर खुशाल करा. स्टिअरिंगवरचा गिअर काढून खाली आणण्यासाठी फ्लोअर कापला, टेपसाठी डॅशबोर्ड कापला, की परतीची वाट बंद. शिवाय कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलंय. इंजिन बदलायचं तर आधी आरटीओची परवानगी.

माझी चूक सांगतो. एका गॅरेजवाल्याच्या सांगण्यावरून मी 100 वॉटचे बल्ब बसवले, रिले न लावता, जुन्याच वायरिंगवर. खंबाटकी घाटात रात्री डॅशखालून जळक्या रबराचा वास आला आणि दिवे गेले. मागे कुटुंब बसलं होतं. खाली उतरून बघितलं तर हेडलाइटचा स्विच वितळून वायरींना चिकटलेला. तेव्हापासून माझा क्रम ठरलाय: आधी वायरिंग, ब्रेक, टायर, दिखाऊ कामं नंतर. त्यात पेट्रोलच्या रबरी नळ्याही आल्याच. पंपावर हल्ली 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुनं रबर त्याला टिकत नाही. नळ्या आजच बदला, गळती लागेपर्यंत थांबू नका.

आणखी एक. 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद होते, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. ती गाडी रोज फिरवता येत नाही, पण तिला मान मिळतो. अट अशी, की बॉडी, चेसिस, इंजिनात मोठा फेरफार नसावा. सत्तरच्या दशकातल्या सुरुवातीच्या पद्मिनी आता त्या वयाला पोचल्यात. तुमच्या गाडीला अजून वीस वर्षं असतील, पण आज कापलेला पत्रा तेव्हा तिच्या आड येईल.

म्हणून मिस्त्रीला काम सुरू करण्याआधीच सांगा, जुना भाग भंगारात जाणार नाही, माझ्या हातात द्यायचा. मूळ रिम, काचेचं हँडल, हॉर्नची रिंग, अगदी मोनोग्रामसुद्धा. ग्रीस पुसा, तेलाचा हात फिरवा, जुन्या धोतराच्या फडक्यात बांधा आणि कुठून काढला ते चिठ्ठीवर लिहून आत ठेवा.