आग किंवा पूर आवाक्याबाहेर गेला तर? अग्निशमन दलांचा ‘शेजारधर्म’ कसा चालतो

२३ सप्टेंबर २०२३. नागपुरात पहाटे अवघ्या काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. अंबाझरी तलाव ओसंडून वाहू लागला आणि नाग नदीचं पाणी धरमपेठ झोनमधल्या घराघरांत शिरलं. महापालिकेच्या अग्निशमन दलाच्या जोडीला एसडीआरएफ, एनडीआरएफ आणि लष्कराचे जवान उतरले. मूकबधिर शाळेतल्या ४० विद्यार्थ्यांना सुरक्षित ठिकाणी हलवण्यात आलं.

म्हणजे संकट मोठं असेल, तर एकटं दल पुरत नाही. मग दुसऱ्याची गाडी, बोट, माणसं मिळतात कशी?

राज्याचं एकच दल का नाही?

राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा हे नागरी स्थानिक संस्थांचं काम म्हणून नोंदवलंय. त्यामुळे महाराष्ट्रात पोलिसांसारखं एकच राज्यव्यापी दल नाही. नागपूर महापालिकेचं दल वेगळं, हिंगणा आणि बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतींसाठी एमआयडीसीचं वेगळं. विमानतळ आणि आयुध निर्माणीची यंत्रणा त्यांची स्वतःची. पण आग काही हद्द बघून थांबत नाही.

‘म्युच्युअल एड’ म्हणजे काय?

शेजारच्या दलांनी संकटाआधीच करून ठेवलेला करार. कोण कुणाला बोलावणार, किती गाड्या येणार, घटनास्थळी हुकूम कुणाचा चालणार आणि खर्च कोण देणार, हे त्यात आधीच ठरलेलं असतं. मुंबई-ठाणे पट्ट्यातल्या रासायनिक कारखान्यांनी असे ‘मार्ग’ नावाचे गट बांधलेत.

कायद्याचाही आधार आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ नुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि बचावकार्यासाठी वाहनं, साधनं ताब्यात घेण्याची तरतूद त्यात आहे. पण कायद्यानं गाडी मिळते, एकत्र काम करायची सवय मिळत नाही.

घोडं अडतं कुठे?

पहिली अडचण साधनांची. १९०४ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोरला भीषण आग लागली. वॉशिंग्टन, फिलाडेल्फियाहून बंब आले, पण अनेकांच्या पाइपचे जोड तिथल्या हायड्रंटला बसलेच नाहीत. १५०० हून जास्त इमारती जळाल्या. भारतात अशा जोडांसाठी आयएस ९०३ हे मानक आहे. वायरलेस आणि सांकेतिक शब्दही असेच जुळावे लागतात.

दुसरी अडचण मागे राहणाऱ्या पोकळीची. धरमपेठेतल्या बंगल्यात पाणी शिरलं असताना हिंगण्याहून गाडी आली, तर त्या वेळी हिंगण्यात आग लागल्यास कोण जाणार? म्हणूनच चांगल्या करारात रिकाम्या झालेल्या केंद्रावर तिसऱ्या ठिकाणची गाडी आणून उभी करण्याची सोयही लिहिलेली असते.

नागपूरचं पारडं जड का?

देशभरातले अग्निशमन अधिकारी जिथे शिकतात, ते राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय नागपुरातच आहे. एनडीआरएफची अकादमीही इथेच. कामठीची लष्करी छावणी शहराला लागूनच. ही सोय राज्यातल्या बहुतेक शहरांकडे नाही. तिथल्या लोकांसाठी शेजारच्या नगरपालिकेचा बंब हीच पहिली कुमक.

म्हणून पावसाळ्याआधी नालेसफाई किती झाली हे विचारताना आणखी एक प्रश्न विचारायला हवा. शेजारच्या दलांशी लेखी करार झालाय का आणि एकत्र सराव शेवटचा कधी झाला? ऐन पुरात फोन नंबर शोधत बसण्यापेक्षा हे उत्तर आधीच मिळालेलं बरं.